उष्ट्याची सेवा

महाल भागातल्या मठात महाप्रसादाच्या पंगती उठत होत्या. ‘अहंकार घालवायचा असेल तर उष्टं उचला,’ असं महाराज म्हणाले होते, म्हणून निवृत्त प्राध्यापक कृष्णकांत महिनाभर पत्रावळी उचलत होते. महाराजांचं मात्र एकदाही लक्ष गेलं नव्हतं. आज ते पंगतीकडेच येताना दिसले. कृष्णकांतांनी घाईनं खरकट्याचं टोपलं धरलं, तर दुसरा काठ रामटेकहून आलेल्या भक्त रामाजींच्या हातात! “सोडा, ही सेवा माझी.” “रोजच तुमची काहून जी? मी का नुसता जेवाले आलो का?” रामाजींनी ओढलं, कृष्णकांतांनी ओढलं. वरणाचा ओघळ पायजम्यावर उतरला. महाराज थबकले. कृष्णकांतांची पत्नी उत्तरा धावत आली. “अहो, खरकट्यासाठी भांडताय? सोडा ना!” सोडायला हवं, हे कृष्णकांतांना कळत होतं. स्वतःचाच संताप आला. बोटं मात्र आणखी आवळली. “सोडतो,” ते म्हणाले, “पण आधी त्यांना सोडू दे.”