खिडकीतला सोळा

इव्हेतनं रुमालाची गाठ सोडली आणि घड्याळ भावाच्या टेबलावर ठेवलं.

“बाझीलचं आहे. चालू करून दे.”

गास्तोंनं हात पुढं केला नाही. जानेवारीपासून त्यानं घड्याळांचं दुकान उघडलंच नव्हतं. आज बहिणीनं दार बडवून बडवून उघडायला लावलं होतं. दाढी वाढलेली, शर्ट अंगावर लोंबत होता.

“दुसऱ्या कुणाकडे ने, ताई.”

“सख्खा मामा असताना? गाव हसेल मला.”

बाझील तिचा एकुलता एक. चौदा जानेवारीला स्की बांधून डोंगरावर गेला, तो परतलाच नाही. शोधपथकाचा प्रमुख गास्तोंच होता. त्यांनी सगळा डोंगर पालथा घातला. सोळाच्या संध्याकाळी वादळ चढलं, तेव्हा ‘आणखी माणसं गमावायची नाहीत’ म्हणून त्यानंच सगळ्यांना खाली आणलं आणि शोध थांबवला. आता बर्फ वितळल्यावर बाझील एका कपारीत सापडला होता. पाय मोडलेला. नेमका कधी गेला ते डॉक्टरांना सांगता येईना, म्हणून थडग्याच्या दगडावर तारखेची जागा कोरी ठेवली होती.

पण या खोऱ्यात घरटी एक घड्याळजी. मनगटाच्या हालचालीवर चालणारं असलं घड्याळ हात थांबल्यावर दोन दिवस तग धरतं आणि बंद पडतं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. बंद घड्याळातली तारीख पाहायची आणि दोन दिवस मागं जायचं. तबकडीवरच्या तारखेच्या खिडकीत अठराच्या पुढचा आकडा निघाला, तर भाचा जिवंत असताना मामा डोंगर उतरला होता. गास्तों गेले तीन महिने या घड्याळालाच घाबरत होता.

“तू पाहिलीस तारीख?”

“माझ्या डोळ्यांत काय राहिलंय? कारखान्यात तबकड्या बसवून बसवून वाट लागली. तू वाच.”

“नको ना, ताई.”

“वाच म्हणते ना! मुलगा कधी गेला, आईला एवढंही कळू नये?”

त्यानं डोळ्याला भिंग लावलं. पट्टा कुजलेला, कडांच्या खाचांत माती. वेळ-तारीख लावायची चावी तेवढी लख्ख होती.

“पुसलंस वाटतं?”

“मुलाची वस्तू. पुसायची नाही?”

तो वाकला. काच अंगठ्यानं पुसून पुन्हा पाहिलं.

“अरे, सांग काहीतरी!”

“सोळा,” तो म्हणाला. “ताई, सोळा आहे.”

“नीट बघ. खाली आणताना हलून पुढं गेलं असेल.”

“हलून चाललं तर थोडा वेळ चालेल. दिवसच्या दिवस नाही जाणार. सोळा... म्हणजे चौदालाच. त्याच दिवशी गेला गं तो.”

“म्हणजे तुम्ही शोध थांबवलात तेव्हा...”

“आधीच गेला होता.”

एवढं बोलला आणि टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. इव्हेत त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मुलगा गेला होता. उरलेलं एकमेव माणूसही डोळ्यांदेखत खंगत चाललं होतं. हे रडणं ऐकून तिला बरं वाटलं.

“झालं? आता दाढी कर. भूत दिसतोयस.”

तो नाक पुसत हसला. मग घड्याळाला सावकाश चावी दिली, हलकेच हलवलं. सेकंदकाटा अडखळला आणि चालू लागला. त्यानं वेळ लावली, तारीख आजची केली, नवा पट्टा चढवला आणि घड्याळ स्वतःच तिच्या मनगटावर बांधलं.

“दगडावर चौदा कोरायला सांगू?”

“सांग. आणि रविवारी जेवायला ये. सॉसेज करते. नाही म्हणालास तर डबा घेऊन इथं येऊन बसेन.”

“येतो.”

बाहेर बसथांब्यावर येऊन तिनं मनगट कानाशी धरलं. घड्याळ चालत होतं. ती रडली नाही. खांबावरचं बारीक अक्षरांतलं वेळापत्रक तिनं लांबूनच वाचलं, चष्म्याशिवाय. परवा पोलिसांनी घड्याळ हातात दिलं तेव्हा खिडकीतला आकडाही तिनं असाच वाचला होता, वीस. मग चावी ओढली आणि त्याचा सोळा होईपर्यंत ती फिरवत राहिली.