नजरेआड

"काका, त्याने तुम्हालाच बायको मानलंय," पक्ष्यांची डॉक्टर म्हणाली. कुमुद, माझी खरी बायको, हसत सुटली.

बंड्या हा आमचा कोकाटील, तुरेवाला छोटा पोपट. पिल्लू असल्यापासून मी त्याला हाताने भरवलेलं. त्याच्या पिंजऱ्यात मादी आणून सोडली, लाकडी घरटं टांगलं, तरी हा आपला दिवसभर माझ्याकडे बघून शीळ घालायचा. "पिल्लं हवी असतील, तर दोन महिने त्याच्या नजरेआड राहा," असं डॉक्टरने बजावलं. पिंजरा हॉलमध्ये, म्हणून माझी रवानगी स्वयंपाकघरात. दाणापाणी कुमुद बघू लागली.

महिन्याभराने एका सकाळी हॉलमधून शीळ ऐकू आली. काय गोड! बिचारा मलाच शोधतोय, असं वाटून राहवेना. चोरपावलांनी जाऊन डोकावलो.

घरट्याच्या भोकातून बंड्याचा तुरा तेवढा दिसत होता. यांच्यात दिवसा नर अंडी उबवतो, तसा तो अंड्यांवर गपचूप बसला होता. शीळ घालत होती कुमुद, पाण्याची वाटी पुसता पुसता. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, आणि मला हे माहीतच नव्हतं.

मला बघताच तिने तोंडाला पदर लावला. "सासूबाई म्हणायच्या, बायकांनी शीळ घालू नये."

"अगं, आईला जाऊन वीस वर्षं झाली!"

"हो. पण इथे तुम्ही बसलेले असायचात ना."

मी स्वयंपाकघरात परतलो. आता नेमकं कोणाच्या नजरेआड राहायचं, तेच कळेना.