समुद्रातून आलेली चाकाची रेघ

जेवणं आटोपली की मी आणि माझी बायको सिर्क्का किनाऱ्याच्या वाटेने दीपगृहापर्यंत सायकलने जायचो. जूनमध्ये दूर उत्तरेकडच्या आमच्या राहे गावात सूर्य मावळायचं नावच घेत नाही, त्यामुळे परतायची घाई कधीच नसायची.

त्या संध्याकाळी, नावा पाण्यात सोडतात त्या उतारावर एक ओली रेघ दिसली. सायकलच्या चाकाची होती. समुद्रातून निघून ती वर आली होती आणि आमच्याच वाटेला लागली होती. तीन आठवड्यांत पावसाचा थेंब पडला नव्हता.

"कुणीतरी सायकलसकट आंघोळ करून आलंय," सिर्क्का हसली. "तुझाच भाऊ असेल, तौनो. बिअर जास्त झाली की त्याला काहीही सुचतं."

"त्या रेघेवरून चालवू नकोस," मी म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे.

"भित्रा कुठला!" म्हणत तिने चाक नेमकं रेघेवर घातलं आणि बर्चच्या झाडांमागच्या वळणावर ती दिसेनाशी झाली.

मी वळण घेतलं तेव्हा ती वाटेत माझ्याकडे तोंड करून उभी होती. रेघ तिच्या चाकापाशी संपली होती. तिच्या केसांतून, बाह्यांतून पाणी निथळत होतं. आजूबाजूची धूळ मात्र कोरडी ठणठणीत होती.

"सिर्क्का, काय झालं गं?"

"किती वेळ लावलास रे," ती लाडाने म्हणाली. "चल. पाणी मुळीच गार नाहीये."

तिने सायकल समुद्राकडे वळवली. मी दोन्ही ब्रेक आवळून धरले. माझी सायकल थांबली नाही.