नाकाचा ठसा

सकाळी दहा वाजता मियाझाकीत प्राध्यापक नागातोमो यांना जीवनगौरवाची ढाल जाहीर झाली. नाकाच्या ठशावरून गाय अचूक ओळखण्यासाठी ते तीस वर्षं खपले होते. त्यांची लाडकी गाय किकुयो मंचाशेजारीच उभी होती.

"ढालीच्या पावतीवर सहीऐवजी तुमच्या नावाचा शिक्का उमटवा, सर," ढाल सुपूर्द करणाऱ्या अधिकारी होरिगुचीबाई म्हणाल्या.

"शिक्का घरी राहिला. अहो, माझ्याच हाताखाली शिकलात ना तुम्ही? ओळखत नाही मला?"

"ओळखते की. पण तोंडओळखीवर जाऊ नका, ठसा बघा, हे तुम्हीच शिकवलंत. ज्याचा ठसा जुळेल, त्यालाच ढाल."



साडेदहा वाजता किकुयोच्या नाकाचा ठसा गायींच्या नोंदवहीतल्या ठशाशी तंतोतंत जुळला. ताज्या माहितीनुसार ढाल गोठ्यात असून सरांचा अर्ज विचाराधीन आहे.