पिवळं पडलेलं पाणी

"ओतून टाका ते," आईनं दारातूनच सांगितलं. "डॉक्टरांना कळवलंय मी."

शस्त्रक्रिया विभागाच्या प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी उठून उभी राहिली. आईच्या लेकीच्या पोटातून काढलेल्या कॅन्सरच्या गाठीचा एक तुकडा ती इथं वाढवत होती, त्यावर नवी औषधं करून बघायला. लेक गेली; गाठ मात्र मजेत होती. "फार कमी गाठी अशा टिकतात," असं डॉक्टर फोनवर कौतुकानं म्हणाले, तेव्हा आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिनं पोरीचा घास घेतला, तिलाच हे लोक पोसत होते.

"घरच्यांनी नको म्हटलं की आम्ही नाही ठेवत, काकू." मुलीनं गाठ मारायला ब्लीच काढून ठेवलं. मग उबदार कपाटातून तळहाताएवढी चपटी बाटली आणली. "एकदा बघणार?"

आईला बघायचं नव्हतं. तरी ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. काहीतरी अक्राळविक्राळ असेल असं तिला वाटलं होतं. दिसले ते नुसते फिकट ठिपके, एकमेकांना बिलगून बसलेले.

"यात तिचं काय आहे?"

"सगळं तिचंच. बिघडलेल्या पेशी आहेत, पण तिच्याच."

आईची मान अवघडली तरी तिला उठवेना. शेवटी ती सरळ झाली, तेव्हा कपाट उघडंच होतं. आतल्या बाकीच्या बाटल्यांमधलं पाणी छान गुलाबी होतं.

"हिचंच पिवळं का?"

"ते त्यांचं खाणं असतं, काकू. संपत आलं की पिवळं पडतं. एक दिवसाआड बदलावं लागतं. आज बदलायचं होतं, पण तुम्ही येणार म्हणून थांबले."

"म्हणजे खातात त्या?"

"खातात ना. भरपूर."

शेवटी शेवटी आई चमचा घेऊन लेकीच्या उशाशी बसून राहायची. लाडीगोडी केली, रागावली, अक्षरशः हातापाया पडली. पोरीच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरत नव्हता.

मुलीनं ब्लीचचं झाकण काढलं. "ओतू का?"

आईनं चपटी बाटली उचलून उजेडात धरली. नंतर दोन्ही हातांनी जपून ती मुलीपुढं केली.

"आधी खायला दे तिला."

मुलीनं ब्लीचला झाकण लावलं आणि गुलाबी पाणी घ्यायला वळली. आई तिथंच उभी होती.

"आणि रविवारी?" तिनं विचारलं. "रविवारी कोण देतं?"