बाळसं

"फाडू नका ओ बाई, एवढंसं लेकरू ते!" मेलेलं कोकरू कवटाळून ठकूबाई कळवळली. तीन दिवसांत तिची तीन कोकरं गेली, तीही कळपातली सगळ्यात गुटगुटीत. धाकटी जाऊ गिरजा "काय बाळसं धरलंय!" म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी पहिलं मेलं. तेव्हापासून ठकूबाईनं तिला कळपाजवळ फिरकू दिलं नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कोकराचं आतडं काढून दोरा मागितला. ठकूबाईनं दृष्टीसाठी आणलेला काळा दोरा दिला. त्यानं आतड्याची दोन्ही टोकं करकचून बांधून बाई ते तपासायला घेऊन गेल्या.

परतल्या त्या लस घेऊनच. "आतड्यात जंतूंचं विष सापडलं. जे पिलू भरपूर दूध पितं, त्याच्याच पोटात हे जंतू माजतात. गुटगुटीतच आधी जातं."

"मग गिरजाची नजर नव्हं?"

"छे! उरलेल्यांना टोचते. लशीचं बळ अंगात यायला पंधरा दिवस लागतील, तोवर दूध बेतानं पाजा."

उरलेलं एकच गुटगुटीत कोकरू ठकूबाईच्या हातून निसटू लागलं. "गिरजे, धर गं!"

लांब उभी असलेली गिरजा धावली. कोकरू धरलं, पण मान फिरवून डोळे गच्च मिटले.

"बघ की त्याच्याकडं," ठकूबाई म्हणाली, "डोळे भरून बघ."