चॉपरची सावली

स्वातंत्र्य ही माणसाची मूलभूत गरज आहे. देवानंदला ते हात खांद्यांच्या वर धरून, मागे रेलून सायकल चालवण्यात सापडलं. त्यासाठी त्यानं बापाची मासे विकायची सायकल कापली, पुढच्या चाकाचा चिमटा हातभर लांबवला, हँडल उंच वाकवलं, कॅरिअर फेकून दिलं आणि तिला परदेशी फटफटीसारखी 'चॉपर' केली. त्या दिवसापासून बापानं, इस्तारीनं, पोराशी बोलणं टाकलं.

चामोर्शीच्या बाजारात मात्र या चॉपरभोवती गर्दी जमली.

"सायकल आहे का आरामखुर्ची?" कुणीतरी विचारलं.

"बसून पाह्य, मंग सांग!" देवानंद फुलून म्हणाला.

तेवढ्यात त्याला चॉपरची उन्हात पडलेली सावली दिसली. सावलीतलं हँडल पूर्वीसारखं सरळ होतं. मागे कॅरिअर होतं, त्यावर टोपली.

त्यानं चॉपर वळवून पाहिली. सावलीही वळली, टोपलीसकट.

गर्दीतून इस्तारी पुढे आला. चॉपरकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. सावलीकडे पाहिलं आणि महिन्याभरानं पहिल्यांदा पोराशी बोलला, "टोपली तिरपी काऊन बांधली बे? मासे सांडून राह्यले."

देवानंदनं खाली पाहिलं. सावलीतल्या टोपलीखाली, कोरड्या मातीत, तीन मरळी तडफडत होत्या.

संध्याकाळी त्यांचा रस्सा झाला. मीठ जरा जास्त पडलं.